आई इमारतीत आहे, एवढं पुरेसं नाही

जिममधल्या पाळणाघराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अहो, आई तर तिथेच असते!" पलीकडच्या हॉलमध्ये व्यायाम चालू आहे, तासाभराचा तर प्रश्न, काही लागलं तर बोलावून घेता येतं, मग इथे पूर्णवेळ पाळणाघराचे नियम कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि अनेक देशांच्या कायद्यांनी तो जवळपास जसाच्या तसा स्वीकारलाही आहे. मला तो पटत नाही. आई किती अंतरावर आहे यावरून कागदोपत्री जबाबदारी कोणाची हे फार तर ठरवता येईल. पण त्या क्षणी मुलाजवळ जी व्यक्ती बसली आहे तिला काय येतं, हे आईच्या अंतरावरून कसं ठरणार?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे जानेवारी २०१२ पासून पाळणाघरं आणि बालवाड्यांसाठी देशभर एकच गुणवत्ता चौकट लागू आहे. दोन वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एक व्यक्ती हवी, निम्म्या कर्मचाऱ्यांकडे बालसंगोपनाची पदविका हवी किंवा तिचं शिक्षण चालू असायला हवं, असे नेमके नियम आहेत. मात्र मूल अधूनमधून, तात्पुरतं ठेवलं जात असेल आणि पालक जवळपास राहून जबाबदारी स्वतःकडेच ठेवत असेल, तर ती सेवा या चौकटीच्या बाहेर राहते. इंग्लंडमध्ये कुठलंही मूल दिवसाला चार तासांपेक्षा जास्त ठेवलं जात नसेल आणि पालक त्याच जागेत किंवा अगदी जवळ असतील, तर ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदणी करण्याची सक्ती नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या कायद्यातही अशीच सवलत आहे : पालक खरेदीला, प्रार्थनेला किंवा जवळपासच्या दुसऱ्या कामाला गेलेले असताना त्या आस्थापनेने थोडा वेळ मूल सांभाळलं, तर परवाना लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियासारख्या राज्याने राष्ट्रीय कायद्यातून सुटणाऱ्या काही सेवांसाठी १९९६ चा आपला स्वतंत्र कायदा चालू ठेवला, पण अशी उदाहरणं थोडी.

याचा प्रत्यक्षातला अर्थ असा. इंग्लंडमधलं आठ महिन्यांचं एखादं बाळ सकाळी नोंदणीकृत पाळणाघरात असतं तेव्हा तीन बाळांमागे एक व्यक्ती असलीच पाहिजे, आणि लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असलेलं कोणीतरी सतत जागेवर हवं, असं कायदा बजावतो. तेच बाळ संध्याकाळी जिमच्या खोलीत आलं की या दोन्ही बाबी मालकाच्या मर्जीवर. बाळ तेच, त्याचा श्वास अडकण्याची शक्यता तीच. बदलली आहे ती फक्त आईची जागा.

आणि सांभाळण्याचं काम जिममध्ये सोपं होतं, हा समजही खरा नाही. ते अवघड होतं. पूर्णवेळ पाळणाघरातल्या बाईला प्रत्येक मूल महिनोन्‌महिने ओळखीचं असतं. हे कान चोळायला लागलं म्हणजे झोप आली, याचं रडणं भुकेचं, त्याचं नुसतं रागाचं, हे तिला न सांगता कळतं. रोजच्यापेक्षा मलूल दिसणारं मूल तिच्या नजरेतून सुटत नाही, कारण रोजचं मूल कसं असतं हे तिला ठाऊक असतं. जिममधल्या पाळणाघरात आज आलेलं मूल परत कधी येईल याचा नेम नाही. त्याची ओळख म्हणजे दारातल्या वहीतलं नाव, वय आणि घाईत केलेली सही. शिवाय पाच महिन्यांचं बाळ आणि साडेचार वर्षांचं धावतं पोर बहुतेक ठिकाणी एकाच खोलीत असतं. अनोळखी मुलं, मिश्र वयं आणि सतत बदलणारी संख्या : अनुभवी शिक्षिकेलाही घाम फुटावा अशी ही परिस्थिती. ती आपण सगळ्यात कमी तयारीच्या माणसावर सोपवतो.

व्यायामाचा वर्ग सुरू होण्याआधीची दहा मिनिटं तिथे उभं राहून पाहावीत. सगळ्यांना एकाच वेळी आत यायचं असतं. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पिशवी, कडेवर मूल, अशा अवस्थेत आया रांगेत असतात. वहीत सही घ्यायची, ॲलर्जी विचारायची, दुधाच्या बाटलीवर नाव घालायचं, गळ्याला मिठी मारलेलं मूल हलक्या हाताने सोडवून घ्यायचं, आणि हे सगळं करताना आधीच आत असलेल्या चार मुलांवर नजर ठेवायची. दार या दहा मिनिटांत सतत उघडत असतं. दोन वर्षांचं मूल आईच्या मागे त्या दारातून सटकायला तीन सेकंद लागतात, आणि बाहेर वजनं आहेत, फिरते पट्टे आहेत, कदाचित पोहण्याचा तलावही आहे. एकटी बाई हे करू शकत नाही. ती कितीही प्रेमळ आणि चटपटीत असली तरी नाही. म्हणून माझी पहिली मागणी पात्रतेच्याही आधीची आहे : पाळणाघर उघडं असताना आत कधीही दोनपेक्षा कमी मोठी माणसं नकोत, आणि मुलांचं प्रमाण खोलीतल्या सर्वांत लहान मुलाच्या वयावरून ठरावं. एक जण शौचालयात गेली तर दुसरी कोण, याचं उत्तर "काउंटरवरच्या मुलीला बोलावू" असं असेल तर ती मुलगीही तपासणी आणि प्रशिक्षण झालेली हवी.

आता प्रथमोपचाराचं बघू, कारण "आई तिथेच असते" हा युक्तिवाद इथेच सगळ्यात जास्त लंगडा पडतो. घशात काही अडकलेलं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. त्याला ओरडताच येत नाही. खोलीत गोंगाट असतो आणि एक मूल गप्प असतं, इतकंच. थोरल्या मुलांच्या खेळण्यातला एखादा मणी किंवा सुटलेलं चाक रांगणाऱ्या बाळाच्या हाती लागायला वेळ लागत नाही. अशा वेळी एक वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली राहील असं धरायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच फटके द्यायचे. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब द्यायचे. मोठ्या माणसाच्या पोटावर देतात तसा झटका इतक्या लहान बाळाला द्यायचा नाही, कारण आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. हे वाचून समजतं, पण बाहुलीवर हात बसल्याशिवाय ऐन वेळी होत नाही. श्वास पूर्ण बंद झाला तर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. तेवढ्यात आईला शोधायचं? तिच्या कानात संगीत चालू आहे, मोबाइल लॉकरमध्ये आहे, आणि हॉलमध्ये पाठमोऱ्या तीस बायका एका तालात हलत आहेत. ती धावत आली तरी तिला तरी ते फटके द्यायला कुठे शिकवलेलं असतं!

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जिममध्ये प्रशिक्षक असतात, त्यांच्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असतं, भिंतीवर हृदयाला झटका देणारं यंत्रही असतं. म्हणजे इमारत सुरक्षित. पण ते प्रमाणपत्र बहुधा मोठ्यांच्या प्रथमोपचाराचं असतं. मोठ्या माणसाचं हृदय थांबतं ते बहुतेकदा हृदयाच्याच बिघाडाने. लहान मुलात आधी श्वास बंद पडतो, मग हृदय. म्हणूनच ब्रिटन आणि युरोपातल्या मार्गदर्शनानुसार मुलांना छातीवर दाब देण्याआधी पाच श्वास द्यायचे असतात. ज्याने फक्त मोठ्यांचं शिक्षण घेतलं आहे त्याचे हात सवयीने थेट छातीकडे जातील, तेही नको तेवढ्या जोराने. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत पाळणाघरांना लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा जो अभ्यासक्रम लागतो तो बारा तासांचा आहे आणि दर तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. बारा तास! दोन दिवस म्हणा. जिममधल्या पाळणाघरात काम करणाऱ्या प्रत्येकीला, कामाच्या पहिल्या पाळीच्या आधी, एवढं शिक्षण देणं कुठल्या व्यवसायाला परवडत नाही?

झोपेची गोष्ट इतकी नाट्यमय नाही, म्हणून ती आणखी दुर्लक्षित राहते. गाडीतून येताना बाळ झोपी जातं. आई त्याला गाडीच्या आसनासकट उचलून आणते आणि "झोपलंय, उठवू नका हं" म्हणून कोपऱ्यात ठेवून जाते. खोलीतल्या प्रत्येकाला वाटतं, चला, एक तरी शांत आहे. पण त्या तिरक्या आसनात तान्ह्या बाळाची मान पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. गाडीत ते आसन विशिष्ट कोनात बसवलेलं असतं, जमिनीवर तो कोन राहत नाही. शिकलेली व्यक्ती बाळाला उचलते आणि सपाट, टणक गादीवर उताणं निजवते, उशी-पांघरुणांचा पसारा न ठेवता. मग ते उठलं तरी चालेल. बाळाला उताणं झोपवा हे सांगणाऱ्या मोहिमा ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाल्या, आणि दोन्हीकडे बाळांच्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. साधं ज्ञान माणसं वाचवतं याचा याहून स्पष्ट पुरावा बालसंगोपनात क्वचितच सापडेल. ते ज्ञान ऐन गर्दीच्या वेळी खोलीत हजर असावं, एवढाच माझा आग्रह. आणि "उठवू नका" म्हणणाऱ्या आईला "इथला नियम आहे, मला हलवावंच लागेल" असं सांगण्याचा अधिकारही त्या बाईला हवा.

अधिकाराचा मुद्दा रडण्याच्या बाबतीत तर फारच टोकदार होतो. साधारण आठव्या महिन्यापासून पुढे वर्ष-दीड वर्ष मूल आईपासून दूर झालं की कासावीस होतं. ही वाढीतली नेहमीची पायरी आहे, लाडावलेपणा नाही. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आई आणि बाळाचं नातं अभ्यासण्यासाठी जो प्रसिद्ध प्रयोग बांधला, त्यात आई खोलीबाहेर राहण्याचा प्रत्येक टप्पा तीन मिनिटांचा होता, आणि बाळ फारच व्याकूळ झालं तर तो आणखी लवकर संपवला जाई. अभ्यासासाठी रडवतानासुद्धा कोणीतरी घड्याळ धरून बसलं होतं. जिममध्ये पंचेचाळीस मिनिटांच्या वर्गात दहा महिन्यांचं बाळ सलग रडत असेल तर घड्याळ कोणाकडे आहे? काही ठिकाणी लेखी नियम असतो : इतकी मिनिटं समजूत घालूनही मूल शांत झालं नाही तर आईला बोलावायचं. माझ्या मते तान्ह्या मुलांसाठी ही मर्यादा दहा मिनिटांच्या वर नसावी. पण जिथे लेखी नियम नाही तिथे सगळं त्या सांभाळणारीच्या धीरावर जातं. आईचा वर्ग मोडला तर ती नाराज होईल, व्यवस्थापक बोलेल, पुढच्या महिन्यात पाळी कमी मिळेल, या भीतीने ती बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत राहते, आणि तेवढा वेळ उरलेली पाच मुलं तिच्या पाठीमागे असतात. नियम हा तिचाही बचाव आहे.

पार्श्वभूमीच्या तपासणीबद्दल मतभेद असू नयेत, आणि तरी तीच सर्वांत जास्त टाळली जाते, कारण "ती दोनच तास येते". ऑस्ट्रेलियातल्या राज्यांमध्ये मुलांसोबत काम करण्यासाठी वेगळी तपासणी आहे, इंग्लंडमध्ये २०१२ पासून त्यासाठी एकच यंत्रणा आहे. मार्ग उपलब्ध आहेत. मात्र तपासणीवरच विसंबणं तितकंच धोक्याचं. ती फक्त आधी पकडला गेलेला माणूस दाखवते. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं संस्थांमधल्या मुलांच्या लैंगिक शोषणाची चौकशी केली. नुसत्या तपासणीने संस्था सुरक्षित होत नाही, तिची रोजची रचनाच मुलांच्या बाजूची असावी लागते, असं त्या कामातून पुन्हा पुन्हा पुढे आलं. जिमच्या खोलीपुरता त्याचा अर्थ सोपा आहे. भिंतीत मोठी काच हवी. कोणीही एकटं एका मुलासोबत बंद दाराआड नको. खासगी मोबाइल खोलीबाहेर ठेवायचे. लंगोट बदलायला आईला बोलावण्याची पद्धत बऱ्याच जिममध्ये आहे आणि ती चांगली आहे. मूल ज्याने सोडलं त्याच्याच ताब्यात द्यायचं, ओळख पटवून. कॅमेरे लावले की हे सगळं आपोआप झालं असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की कॅमेरा बहुतेकदा घडून गेल्यावर पाहिला जातो.

आजारपणाचे नियम त्यामानाने सोपे आहेत. उलट्या-जुलाब थांबून अठ्ठेचाळीस तास झाल्याखेरीज मूल घ्यायचं नाही आणि हात साबणाने धुवायचे, कारण पोटाच्या साथीतल्या नोरोव्हायरसवर हाताला चोळायच्या जेलचा भरवसा धरता येत नाही.

मग पात्रता नेमकी किती मागायची? इथे मी नियमांच्या कट्टर समर्थकांपासून वेगळी होते. प्रत्येक कर्मचाऱ्याकडे बालशिक्षणाची पदविका हवी, ही मागणी मला चुकीची वाटते. तासाभराच्या पाळणाघरात अभ्यासक्रम राबवायचा नसतो, जेवण शिजवायचं नसतं, मुलाच्या वाढीची नोंदवही ठेवायची नसते. पूर्णवेळ पाळणाघराची सगळी नियमावली उचलून इथे आणली तर निम्मी कलमं निरर्थक ठरतील आणि जिम पाळणाघर बंद करून मोकळे होतील. ते मला अजिबात नको आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठीही आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. शरीरासाठी तो हवाच, पण बाळंतपणानंतर येणाऱ्या उदासीतही त्याचा आधार असतो. घरात दुसरं कोणी नसलेल्या बाईला ही दीडशे मिनिटं मिळायची एकमेव जागा म्हणजे हे पाळणाघर असू शकतं. ते बंद पडलं तर तोट्यात तीच जाणार. म्हणून कमी मागू, पण जे मागू त्यात सूट नको. प्रत्येक पाळीत बालसंगोपनाचं रीतसर शिक्षण घेतलेली एक व्यक्ती प्रमुख म्हणून हवी. तिच्यासोबतच्या प्रत्येकाला मुलांचा प्रथमोपचार, सुरक्षित झोप, संसर्ग टाळणं आणि छळाच्या खुणा ओळखणं यांचं प्रशिक्षण हवं. जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर वळ दिसला तर तो विचारण्याजोगा वळ असतो, हे कोणीतरी शिकवल्याशिवाय कळत नाही. आणि या जागांची नोंद सरकारदरबारी असावी, अधूनमधून न कळवता कोणी येऊन पाहावं. आज कित्येक ठिकाणी अशी किती पाळणाघरं चालतात हेच कोणाला सांगता यायचं नाही, कारण सूट मिळाली की नोंदही जाते.

"आम्ही पालकांकडून संमतिपत्र घेतो" असंही सांगितलं जातं. त्यावर सही करणाऱ्या आईला कोणी सांगितलेलं असतं का, की आत आज किती मुलं आहेत आणि प्रथमोपचार कोणाला येतो? ही माहिती दारावर लिहिलेली असावी, रोजची रोज : आजच्या पाळीत कोण, कोणाचं काय शिक्षण, प्रमाणपत्र कधीपर्यंत चालू, आत्ता आणखी किती मुलं घेता येतील. त्याशिवायच्या सहीला मी संमती म्हणणार नाही.

राहिला खर्च. पाळणाघर ही जिमने केलेली मेहेरबानी आहे, असं बोललं जातं, पण जाहिरातीत ते ठळक छापलेलं असतं. मुलांचे पालक सदस्य होतात ते त्यामुळे, आणि नोकरदारांची गर्दी ओसरल्यावर मधल्या वेळेत हॉल भरतो तोही त्यामुळे. ज्या सोयीवर सदस्यत्व विकलं जातं तिचा खर्च व्यवसायाचाच. सध्या हा खर्च मुकाटपणे उचलतात त्या तिथे काम करणाऱ्या बायका : सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास अशा तुटक पाळ्या, जिममधल्या सर्वांत कमी पगारांपैकी एक, आणि प्रशिक्षण घ्यायचं असेल तर स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. अशा कामावर कोणी टिकत नाही, आणि जी टिकत नाही तिला मुलं ओळखीची होत नाहीत. प्रशिक्षणाची फी आणि त्या दोन दिवसांचा पगार मालकाने द्यावा, हे नियमातच लिहिलेलं असलं पाहिजे.

छोट्या जिमला दोन माणसं परवडत नाहीत, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. त्यांनी दिवसभर दार उघडं ठेवू नये. दिवसातले दोनच तास ठरवावेत, आधी नाव नोंदवून घ्यावं, सहा मुलांवर थांबावं. तान्ह्या बाळांसाठी पुरेशी माणसं नसतील तर एक वर्षाच्या पुढचीच मुलं घेतो असं स्पष्ट सांगावं. वहीत सातवं नाव लिहायला आलेल्या आईला "आज जागा नाही" हे ऐकून वाईट वाटेल. वाटू द्यावं.